हळदीला गायक नको, बेंजो हवा! काय दिवस आले हो!

ऐकलंत का? वसई-विरारमध्ये म्हणे लग्नाची तारीख आता बेंजोवाला ठरवतो! गुरुजी बिचारे पंचांग उघडतात, गुरुबळ बघतात, ताराबळ बघतात, चार मुहूर्त काढून देतात. मग नवरदेवाचा धाकटा भाऊ फोन लावतो. "दादा, चौदाला हळद आहे, मोकळे आहात ना?" पलीकडे डायरीची पानं उलटतात. "चौदाला आगाशीत ऑर्डर आहे. सोळा देतो." झालं! ग्रह-तारे गेले उडत, हळद सोळाला. हॉल मिळतो, आचारी मिळतो, नवरी तर ठरलेलीच असते. घोडं अडतं ते बेंजोपाशी.

बरं, एवढ्या मिनतवाऱ्या करून जो ताफा दारात आणायचा, त्यात गायक नाही! अहो, खरंच नाही. माइक असतो, पण तो "नवऱ्याच्या मामांनी पुढे यावं" हे ओरडायला. शब्द नाहीत, कडवं नाही, आलाप नाही, "पुढचं गाणं सादर करीत आहेत" नाही. तीन-साडेतीन तास नुसती वाजवावाजवी आणि त्यावर अख्खं गाव घामाघूम. अर्नाळ्यापासून पाचूबंदरापर्यंत आणि नायगावपासून विरारच्या डोंगरापर्यंत सगळीकडे हीच बोंब. ज्या महाराष्ट्रात दोन माणसं जमली की तिसरा भावगीत सुरू करतो, त्या महाराष्ट्रात हे चाललंय. कुणी काही बोलतंय का?

बोलतायत तर! सोसायटीतल्या काकूंचं म्हणणं असं, की त्यांच्या वेळी हळदीला बायका गायच्या आणि कोण कुणाला टोमणा मारतंय ते शब्दाशब्दांतून कळायचं. आता कळणार काय, कपाळ? आगरी घरांत लग्नाचे विधी धवलारणीच्या धवल्यांशिवाय पुढे सरकत नसत. धवलारीण आजही येते, गाते, तिचा मान तिला मिळतो. पण संध्याकाळी रस्त्याच्या तोंडाशी जनरेटर खोकला की मांडवातली सगळी तरणी पिढी चपला शोधायला लागते. "निस्ता धिंगाना," असं म्हणून म्हातारी पान लावायला घेते. कराओकेचा माइक घेऊन पंचवीस वर्षं प्रत्येक कार्यात गाणारे एक काका तर सध्या गंभीर आहेत. त्यांना बोलावणं येतं, ताट वाढलं जातं, गायला मात्र कुणी सांगत नाही.

आता या पापाचे धनी कोण, तेही बघून घ्या. ट्रॉलीभोवती गर्दी दहा-बारा जणांची दिसते: ढोल, ताशा, टिमकी, झांज, ट्रॉली ढकलणारी पोरं, वायरी सांभाळणारा एक आणि उगाच टी-शर्ट घालून फिरणारे दोन. पण राज्य तिघांचं. पहिला बेंजोवाला. दुसरा रोटोवाला, त्याच्यापुढे लोखंडी दांड्यावर बसवलेल्या बिनपिंपाच्या ढोलक्यांची रांग. तिसरा पॅडवाला, म्हणजे आठ रबरी चौकोनांची विजेरी पाटी. एकावर काठी मारली की ढोलकी वाजते, दुसऱ्यावर घुंगरू, तिसऱ्यावर काच फुटते. वादक तीन, वाद्यं तीन, गायक शून्य.

बेंजोवाल्याचा हात जवळून बघा एकदा, नाचणाऱ्यांच्या कोपरांतून वाट काढून. लांबट पेटी, वर तारा, तारांवर टाइपरायटरसारखी गोल बटणं. डाव्या हाताची बोटं बटणांवर, उजव्या हातात नखाएवढी पट्टी, ती तारांवर इतकी भरभर फिरते की हात दिसत नाही, हाताची धूसर सावली दिसते. जिथे गाणारा एक सूर लांबवतो, तिथे हा त्याच सुराचे वीस तुकडे करून लांबी भरून काढतो. कारण तार एकदा छेडली की सूर विरतो. तो जिवंत ठेवायचा तर छेडत राहावं लागतं. समोर कागद नाही, नोटेशन नाही, सगळं कानावर बसवलेलं. आणि मान? ती सतत हलत असते, कारण सगळ्या खुणा मानेनेच होतात. डावीकडे झटका म्हणजे चाल बदलतोय, वर झटका म्हणजे लय वाढव, डोळे मिटले म्हणजे मला मोकळं सोडा. गणपतीच्या चालीवरून कोळीगीताच्या डुलत्या ठेक्यात, तिथून हिंदी सिनेमात, तिथून एकदम सगळं थांबून फक्त रोटो आणि पॅडची जुगलबंदी आणि मग तिघेही समेवर. समेवर! पिवळ्याधमक नवरदेवाला खांद्यावर घेऊन नाचणाऱ्या मंडळींना सम कळत नाही म्हणता? त्या क्षणी सगळ्यांचे पाय एकदम जमिनीवर पडतात.

आमच्या एका मित्राला मात्र यात नवल वाटत नाही. तो म्हणतो, याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. ऐका! इंग्लंडात 1970 च्या आसपास काही पोरांना वाटलं की तीन मिनिटांच्या गाण्यात आपलं भागत नाही. मग त्यांनी दहा-दहा, वीस-वीस मिनिटांच्या रचना केल्या, मध्येच ताल बदलले, शास्त्रीय संगीतातून उचलेगिरी केली आणि वाजवण्याची अशी काही हौस भागवली की गायकाला मधल्या वेळात चहा पिऊन यावं लागे. इमर्सन, लेक अँड पामर हे त्यातलं गाजलेलं त्रिकूट. त्यातले कीथ इमर्सन ऑर्गन वाजवता वाजवता त्याच्या पट्ट्यांत चक्क सुरे खुपसायचे, सूर दाबून धरायला! आपल्याकडे बेंजोवाल्याने नुसतं बटण जोरात दाबलं तरी मालक ओरडतो, "अरे, भाड्याचं आहे!"

पुढे काहींनी गायकालाच रजा दिली. 2011 मध्ये गिटारवाले गथ्री गोवन, बासवाले ब्रायन बेलर आणि ड्रमवाले मार्को मिनेमान हे तिघे एका कार्यक्रमापुरते एकत्र आले, बरं जमलंय म्हणून एकत्रच राहिले, आणि त्यांनी नाव घेतलं 'द अ‍ॅरिस्टोक्रॅट्स'. नाव खानदानी, पण घेतलंय एका अशा चावट विनोदावरून की इथे छापला तर संपादक माझा स्तंभ बंद करतील. या त्रिकुटाचा 2024 चा अल्बम आहे 'डक'. विषय काय? एक बदक अंटार्क्टिकातून पळून न्यूयॉर्कला जातं आणि पोलिस असलेला एक पेंग्विन त्याच्या मागे लागतो. अख्खी गोष्ट ही अशी, आणि सांगायला शब्द एकही नाही! बदक घाबरलं ते गिटारने सांगायचं, पेंग्विन मागे लागला ते ड्रमने. जगभरातले लोक पैसे मोजून हे ऐकतात आणि मान डोलावतात म्हणे.

आमच्या विरारच्या पोरांना ही गोष्ट सांगितली. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. बरोबरच आहे. 'जत्रा' सिनेमातली अजय-अतुल यांची 'कोंबडी पळाली' 2006 पासून इथल्या प्रत्येक हळदीत पळते आहे, तीही शब्दांवाचून, आणि ती अजून सापडलेली नाही. त्यांना बदकाचं काय कौतुक!

पण गायक आणि वाजवणारे यांचं वैर कुठवर जातं, याचा एक किस्सा ऐकाच. 'द पोलीस' नावाचं त्रिकूट होतं, त्यात गाणारा स्टिंग. गिटारवाले अँडी समर्स यांनी 1980 च्या अल्बमसाठी एक बिनशब्दांचा तुकडा रचला. नाव 'बिहाइंड माय कॅमल', म्हणजे आता उंट आला. स्टिंगला तो तुकडा इतका नकोसा झाला की त्याने त्यात वाजवायला नकार दिला. पुढे स्टुडिओत टेबलावर त्याची टेप दिसली तेव्हा ती उचलून मागच्या बागेत पुरून टाकली, असं त्याने स्वतःच सांगितलंय. पुरली हो, टेप! तरी तुकडा अल्बमवर आलाच आणि वर त्याने वाद्यरॉकचं ग्रॅमी पटकावलं. आपले कराओकेवाले काका निदान बेंजो पुरायला तरी निघालेले नाहीत. फावडं मात्र कुणी त्यांच्या हाती देऊ नये.

ग्रॅमीच्या त्या शर्यतीत उंटाने ज्यांना हरवलं त्यांत कॅनडाचं 'रश' हे त्रिकूटही होतं. गेडी ली, अ‍ॅलेक्स लाइफसन आणि नील पर्ट. त्यांच्या 1981 च्या 'मूव्हिंग पिक्चर्स' या अल्बमवर 'वाय वाय झेड' नावाची बिनशब्दांची रचना आहे. टोरांटो विमानतळाची ही तीन अक्षरी खूण. विमानांना दिशा कळावी म्हणून तिथलं यंत्र ही अक्षरं मोर्सच्या कट्ट-कडकट्टमध्ये सतत पाठवत असतं. या मंडळींनी ती ऐकली आणि तीच ठेका म्हणून वाजवली. आता शाळेतली वृत्तं आठवा. ठिपका लघू, त्याची मात्रा 1. रेघ गुरू, तिच्या मात्रा 2. 'वाय' म्हणजे रेघ-ठिपका-रेघ-रेघ, झाल्या 7. दुसऱ्या 'वाय'च्या 7. 'झेड' म्हणजे रेघ-रेघ-ठिपका-ठिपका, झाल्या 6. बेरीज 20. प्रोग्रेसिव्ह रॉकवाले या ठेक्यावर गेली चाळीस वर्षं जीव टाकतायत.

आता आपली स्टेशनं घ्या. रेल्वेच्या दप्तरी वसई रोडची खूण अजून 'बी एस आर' आहे. गावाचं नाव बदललं तरी रेल्वेने बसीन काही सोडलेलं नाही. मोर्समध्ये बी 5, एस 3, आर 4. बेरीज 12. म्हणजे एकताल! नालासोपारा 'एन एस पी': 3, 3 आणि 6. पुन्हा 12, पुन्हा एकताल. नायगाव 'एन आय जी': 3, 2, 5. एकूण 10, म्हणजे झपताल. म्हणजे टोरांटोचा विमानतळ म्हणजे मात्रांच्या हिशेबात बरोब्बर दोन नायगाव! विरार 'व्ही आर' तेवढं हट्टी निघालं: 5 आणि 4, बेरीज 9. नऊ मात्रांवर अंग सावरायला तयारीचा माणूस लागतो. संध्याकाळी दादरला विरार फास्टमध्ये जो शिरू शकतो, त्याला ते जमेल. बेंजोवाल्यांनो, कल्पना फुकट देतोय. उचला.

आणि वाद्यं तरी कुठली आपली, असं जे नाक मुरडून विचारतात त्यांच्यासाठी आणखी एक धक्का. तो जो बेंजो आहे, त्याचा अमेरिकेच्या बेंजोशी काही संबंध नाही. त्याचं घराणं जपानी. 1912 मध्ये नागोयात गोरो मोरिता या गृहस्थांनी तारवाद्याला टाइपरायटरची बटणं बसवली. ते वाद्य भारतात आलं, बुलबुल तरंग झालं; तिकडे बलुचिस्तानात पोचलं, बेंजू झालं; इथल्या पोरांनी त्याला विजेचा पिकअप जोडला, कुणी गिटारवाल्यांची इफेक्टची पेटी जोडली आणि ते ट्रॉलीवर चढलं. रोटोचं मूळ अमेरिकेत. त्या ढोलक्यांना पिंप नसतं. चामडं बसवलेली कडी फिरवली की सूर वर-खाली होतो. पिंक फ्लॉइडच्या 1973 च्या अल्बममध्ये 'टाइम' या गाण्याआधी घड्याळं वाजून गेल्यावर जे गंभीर, सुरेल ठोके ऐकू येतात, ते निक मेसन यांनी या रोटोवरच वाजवलेले आहेत. लंडनच्या स्टुडिओत ते ठोके पडले की समीक्षक त्यात माणसाच्या नश्वरतेचं चिंतन ऐकतात. तेच ठोके नालासोपाऱ्याच्या नाक्यावर पडले की शंभर नंबरला फोन जातो.

काकूंचा पुढचा मुद्दा असा, की हे असलं बिनशब्दांचं खूळ आपल्या संस्कृतीत बसत नाही. काकू, बसा जरा. पाणी घ्या. आता ऐका, हे खूळ मुंबईत कुणी रुजवलं ते. 1967 मध्ये एचएमव्हीने 'कॉल ऑफ द व्हॅली' नावाची लाँगप्ले तबकडी काढली. त्रिकूट: संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. गिटारवर रागदारी! विषय: काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत. पहाटेला अहीर भैरव, पुढे भूप, देस, आणि शेवटी पहाडी. शब्द एकही नाही. मेंढपाळ उठला ते संतूरने सांगायचं, सांज झाली ते बासरीने. बदक आणि पेंग्विन त्यानंतर 57 वर्षांनी आले हो! आणि ही तबकडी देशात खपली तशी परदेशातही गेली. बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन तिच्या चाहत्यांत मोजले जातात.

खरी खमंग बातमी तर पुढेच आहे. या गायकाविना तबकडीचे निर्माते कोण? जी. एन. जोशी! तेच, ना. घ. देशपांड्यांची 'रानारानांत गेली बाई शीळ' गाऊन मराठी भावगीताला घराघरात नेणारे. म्हणजे ज्या माणसाने महाराष्ट्राला शब्द गुणगुणायला शिकवले, त्याच माणसाने पुढे एचएमव्हीत बसून गायकाला दाराबाहेर उभं केलं. घरातलाच माणूस फितूर निघाला, काकू. आता बेंजोवाल्या पोरांना कोणत्या तोंडाने बोलायचं?

आणि त्या त्रिकुटात एक चौथा माणूसही होता. तबल्यावर. माणिकराव पोपटकर. तुम्ही ती तबकडी शंभर वेळा ऐकली असेल, सीडी घेतली असेल, आता मोबाइलवर ऐकत असाल. पोपटकरांचं नाव किती वेळा घेतलंत? सगळा डोलारा ज्या ठेक्यावर उभा, तो ठेका धरणारा बारीक अक्षरात.

वाजवणाऱ्यांचं हे असंच. हिंदी सिनेमाच्या सुवर्णकाळात गोव्याकडच्या ख्रिस्ती वादकांनी आणि संयोजकांनी व्हायोलिनं, ट्रम्पेटं, सॅक्सोफोन यांची रानं उभी केली, पण पडद्यावर नावं आली ती दुसऱ्यांची. त्यातले एक अँथनी गोन्साल्विस, मडगावजवळच्या माजोर्ड्याचे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. शिष्याने 1977 मध्ये 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात गुरूचं नाव घातलं. म्हणजे वादकाचं नाव घरोघरी पोचलं ते गायकाने गायल्यावर. आणि तेव्हाही लोकांना वाटलं की हे नुसतं अमिताभच्या पात्राचं नाव आहे!

वसईला तर बिनशब्दांच्या संगीताचं वावडं असायचं कारणच नाही. पश्चिमेच्या ख्रिस्ती गावांत, गिरीज म्हणा, सांडोर म्हणा, नंदाखाल म्हणा, लग्नाच्या वरातीत ब्रास बँड वाजतो तो कुणाच्या गळ्यावर अवलंबून नसतो. ट्रम्पेटवाला गाल फुगवतो, सॅक्सोफोनवाला डोळे मिटतो, आणि लुगडं नेसलेल्या आज्या वाजतगाजत चालतात. त्याच्याही मागे जायचं तर 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, तेव्हा इथल्या पोर्तुगीज चर्चच्या घंटा उतरवून देशावर नेल्या. एक भीमाशंकरला आहे, एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात. वसईचं वाद्यसंगीत महाराष्ट्राच्या दौऱ्यावर निघालं ते तेव्हापासून, आणि त्या दौऱ्यातही गायक नव्हता.

तर मग तक्रार कसली आहे? आहे ना, एक खरी आहे, आणि ती काकूंचीच आहे. रात्रीची. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून लागू आहेत. वस्तीच्या भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले काही ठरावीक सणाचे दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं. हळद, ती कुणाच्याही लेकाची असो, त्या यादीत नाही. शाळकरी पोराची परीक्षा असते, वरच्या मजल्यावरच्या आजोबांना झोपेची गोळी असते, आणि खाली ट्रॉलीवरचे चार भोंगे थेट त्यांच्या खिडकीकडे तोंड करून असतात. पंचावन्न डेसिबल म्हणजे साधारण दोन माणसांचं बोलणं; बेंजोची ट्रॉली त्या आकड्यात कधी मावेल, ही आशा काकूंनीही सोडली आहे. पण दहाचा काटा तर सगळ्यांच्या घड्याळात असतो. पावणेदहाला पोलिसांची गाडी वळणावर दिसली की हेच वीर समेच्या आधीच थांबतात. म्हणजे थांबता येतं!

पण इथे एक गल्लत सगळेच करतात. डीजे आणि बेंजो यांना एकाच मोळीत बांधतात. डीजेवाला दुसऱ्याने वाजवून, गाऊन ठेवलेलं गाणं भोंग्यातून सोडतो. बेंजोवाला ते हाताने वाजवतो, प्रत्येक सूर, प्रत्येक रात्री, नव्याने. चुकला तर चारचौघांत चुकतो. आवाज कमी करा म्हटलं तर डीजेकडे उरतो फक्त कमी आवाज. बेंजोवाल्याकडे उरतं ते त्याचं कसब. रवी जाधव यांनी 2016 मध्ये रितेश देशमुखला घेऊन 'बँजो' सिनेमा काढला, त्यात या पोरांचं कौतुक करायला न्यूयॉर्कहून बाई यावी लागली. विरारहून कुणी निघालं नाही, हे सिनेमातलं नसून खरं दुखणं आहे.

गणपती ते नवरात्र आणि तुळशीचं लग्न लागलं की थेट मे महिन्यापर्यंत ही पोरं वाजवतात. दिवसा कुणी कारखान्यात, कुणी रिक्षावर, कुणी दुकानाच्या गल्ल्यावर. ट्रॉलीवर ताफ्याचं नाव रोषणाईत झळकतं, वाजवणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. लग्नपत्रिकेत मात्र बघा. 'आमच्या मामाच्या लग्नाला नक्की याल' म्हणणारी सहा महिन्यांची भाची असते, कार्यवाहक असतात, आजी-माजी नगरसेवक असतात. ज्या तिघांसाठी तारीख बदलली, ते नसतात. टोरांटोच्या तिघांची नावं ज्याला पाठ आहेत, असा आमचा तो मित्र. त्याला विचारलं, तुझ्या भावाच्या हळदीला बेंजोवर कोण होता? म्हणाला, "होता कुणीतरी, पिवळ्या टी-शर्टातला." अहो, हळदीत पिवळ्या टी-शर्टात सगळेच असतात!

तेव्हा काकूंची तक्रार आणि पोरांचा नाद, दोन्ही ऐकून निवाडा असा. हे खूळ आहे यात शंका नाही, पण खूळ चांगल्या खानदानातलं आहे, आणि गायकाविना संगीत उपाशी मरत नाही, हे मुंबई आणि वसईला फार आधीपासून माहीत आहे. काकांनी आपला माइक जेवणाच्या पंगतीपुरता राखून ठेवावा, तिथे बेंजो वाजत नाही. हळद करणाऱ्यांनी संध्याकाळी सहाला सुरू करून दहाला थांबावं. चार तासांत ज्याचं कसब दिसत नाही त्याचं सहा तासांतही दिसणार नाही. भोंग्यांची तोंडं खिडक्यांकडून मैदानाकडे वळवावीत. ठरलेले पैसे त्याच रात्री द्यावेत, 'उद्या बघू' नको. आणि या मोसमातल्या पत्रिका अजून छापायला गेल्या नसतील, तर कार्यवाहकांच्या खाली एक ओळ वाढवा: बेंजो, रोटो आणि पॅड कोण वाजवणार, त्यांच्या आडनावांसकट. छपाईवाला त्या एका ओळीचे जास्त पैसे घेत नाही.